गोष्टीतल्या मुलाच्या कानाला मशीन हवे

बालवाडीच्या भिंतीवर किंवा मुलांच्या पहिल्यावहिल्या चित्रपुस्तकात एक पान हमखास असते. ‘माझे शरीर’ हे त्याचे नाव. डोळ्यांनी पाहतो, नाकाने वास घेतो, जिभेने चव घेतो आणि कानांनी ऐकतो. शेजारी गुटगुटीत गालांच्या मुलाचे चित्र. लोणावळ्याजवळ, द्रुतगती मार्गाला लागून असलेल्या कुसगावातली अंगणवाडी असो की पुण्यातली महागडी प्लेस्कूल, हे पान सगळीकडे सारखेच. बाई कानाला हात लावतात, मुले कानाला हात लावतात आणि सगळी मिळून ओरडतात, “कानांनी ऐकतो!”

वर्गात एखादे मूल जन्मापासून कमी ऐकणारे असेल, तर तेही इतरांकडे बघून कानाला हात लावते. त्याला ते वाक्य ऐकू आलेले नसते आणि त्याच्यापुरते ते खरेही नसते. सगळ्यांना वाटते, याला सगळे समजते, फक्त लाजाळू आहे, उशिरा बोलेल. घरातली वडीलधारी माणसे सांगतात, याचा बापसुद्धा तीन वर्षांनी बोलला. अशी ‘लाजाळू’ मुले तपासणीविना मोठी होत राहतात.

पुस्तकातल्या चित्राचा आणि कानाच्या तपासणीचा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध जवळचा आहे. बहिरेपण म्हणजे काय, ते आलेल्या मुलाचे पुढे काय होते, याविषयी बहुतेक आईवडिलांच्या मनातले चित्र वैद्यकाच्या ग्रंथांतून आलेले नसते. लहानपणी ऐकलेल्या गोष्टी, म्हणी, सिनेमे आणि पुस्तकांतली चित्रे यांतून ते तयार होते. “बाळाला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही” असे डॉक्टर सांगतात, तेव्हा पालकांच्या डोळ्यांसमोर तेच जुने चित्र उभे राहते. मशीन लावायचे की कपाटात ठेवायचे, हातांच्या खुणा शिकायच्या की टाळायच्या, मुलाला लग्नकार्यात न्यायचे की घरीच ठेवायचे, हे पुढचे निर्णय त्या चित्रावर ठरतात.

पहिल्या तीन वर्षांचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ४३ कोटी लोकांना कमी ऐकू येण्यासाठी उपचार किंवा पुनर्वसनाची गरज आहे. त्यांत ३ कोटी ४० लाख मुले आहेत. भारतात २०११च्या जनगणनेत ऐकण्याची अक्षमता असलेल्या ५० लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद झाली. मुलांमधले सुमारे ६० टक्के बहिरेपण टाळता येण्याजोग्या कारणांनी येते, असेही आरोग्य संघटना सांगते. गरोदरपणात आईला झालेला रुबेला, मेंदूज्वर, नवजात बाळाची तीव्र कावीळ, वारंवार वाहणारे कान आणि कानाला अपाय करणारी काही औषधे ही त्यांतली ओळखीची कारणे. उरलेल्यांत आनुवंशिक कारणांचा वाटा मोठा आहे. गरोदर आईने ग्रहण पाळले की नाही, याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

जन्मजात बहिरेपणात सर्वांत मोठे नुकसान आवाजाचे होत नाही, ते भाषेचे होते. बाळाचा मेंदू पहिल्या तीन वर्षांत भाषा जितक्या सहज उचलतो, तितक्या सहज पुढे कधीच उचलत नाही. ती भाषा कानांतून आत जाईल किंवा डोळ्यांतून, पण या काळात ती आत गेली पाहिजे. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, ज्यांचे बहिरेपण सहा महिन्यांच्या आत ओळखले गेले त्या मुलांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे असल्याचे आढळले. म्हणूनच पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू, असा एक-तीन-सहाचा नियम जगभर सांगितला जातो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ९० टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. बहुतेक घरांत हे मूल म्हणजे कुटुंबाने जवळून पाहिलेली पहिलीच कर्णबधिर व्यक्ती असते. मुलानेही आपल्यासारखे दुसरे कुणी पाहिलेले नसते. गावात तसे कुणी नसेल, तर ते भेटण्याची पहिली जागा पुस्तक असू शकते. तिथे ते कसे भेटते, हा खरा प्रश्न आहे.

तीन ठरलेले साचे

पहिला साचा विनोदाचा. एकाने एक विचारावे, दुसऱ्याने भलतेच ऐकून भलतेच उत्तर द्यावे, यावर आपल्या लोककथा आणि बतावण्या कितीतरी वर्षे चालत आल्या आहेत. चार बहिऱ्यांची गोष्ट भारतातल्या अनेक भाषांत सांगितली जाते. परदेशी चित्रकथांनाही याचे वावडे नाही. ‘टिनटिन’मधले विसराळू प्राध्यापक कमी ऐकू येत असल्यामुळेच हशा मिळवतात. हसणे वाईट नाही. पण हसू नेहमी त्या माणसावरच असते, त्याच्यासोबत कधी नसते. घरात अशी गोष्ट ऐकून मोठा झालेला मुलगा वर्गातल्या कमी ऐकणाऱ्या मुलाला ‘ए बहिऱ्या’ म्हणतो, तेव्हा त्याने ते कुठून तरी उचललेले असते.

दुसरा साचा दयेचा आणि चमत्काराचा. बिचारे मूल, रडणारी आई, मग साधूचा आशीर्वाद किंवा देवाची कृपा आणि मुलाच्या तोंडून पहिला शब्द. हेलन केलरच्या गोष्टीलाही हाच साचा चिकटला आहे. मराठीत तिची मुलांसाठीची चरित्रे अनेक निघाली. वयाच्या १९व्या महिन्यात आजाराने तिची दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेले. ५ एप्रिल १८८७ रोजी पाण्याच्या पंपाखाली तिचा हात धरून शिक्षिका अ‍ॅन सुलिव्हन यांनी दुसऱ्या तळहातावर बोटांनी ‘पाणी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची अक्षरे काढली आणि प्रत्येक वस्तूला नाव असते हे तिला उमगले. या प्रसंगाचे चित्र बहुतेक पुस्तकांत असते. त्याखाली बहुधा जिद्दीचा धडा असतो. खरे तर तो भाषेचा धडा आहे. त्या दिवशी हेलनचे कान उघडले नाहीत, डोळेही उघडले नाहीत. भाषेला आत येण्यासाठी हाताचे दार मिळाले, एवढेच झाले. आणि तेवढे पुरले.

तिसरा साचा नवा आहे, यंत्राचा. पहिल्या पानावर मूल उदास, कोपऱ्यात एकटे. मधल्या पानावर डॉक्टर. शेवटच्या पानावर कानाला मशीन आणि चेहऱ्यावर हसू. हेतू चांगला असतो, पण मुलाला काय कळते? मशीन लागेपर्यंत आपण बिघडलेले होतो.

हे केवळ आपल्याकडचे नाही. डेबी गोलोस आणि अ‍ॅनी मोझेस या अमेरिकी संशोधकांनी चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठीची २० चित्रपुस्तके तपासून २०११ साली निष्कर्ष मांडला. त्यांत कर्णबधिर पात्रे होती, पण बहुतेक पुस्तकांत बहिरेपण हा दुरुस्त करण्याचा आजार म्हणून आला होता. कर्णबधिरांची स्वतःची भाषा, मित्रमंडळी, सवयी आणि गमतीजमती असतात, हे फारच थोड्या पुस्तकांत दिसत होते.

चित्रातल्या चुका

या साच्यांमुळे वैद्यकीयदृष्ट्या चुकीच्या काही समजुती पक्क्या होतात. पहिली समजूत ‘मुका’ या शब्दात दडली आहे. ‘मूकबधिर’ हा शब्द शाळांच्या पाट्यांवर अजूनही दिसतो. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बहुतेक मुलांचे स्वरयंत्र, जीभ, ओठ व्यवस्थित असतात. ती रडतात, हसतात, किंचाळतात. शब्द कानावर पडलेला नसतो म्हणून तो तोंडात येत नाही. त्यामुळे आता ‘कर्णबधिर’ हा शब्द वापरला जातो आणि तो नुसता सभ्य नाही, अधिक अचूक आहे. ‘मुकाट्याने’ बसणारे मूल गोष्टीत शहाणे ठरते. प्रत्यक्षात वर्षाचे होऊनही एकही शब्द न बोलणारे मूल तपासणीसाठी न्यायला हवे.

दुसरी समजूत मशीन म्हणजे कानाचा चष्मा अशी. चष्मा लावला की अक्षर बहुधा लख्ख दिसते. श्रवणयंत्र आवाज मोठा करते, पण आतल्या कानातल्या पेशीच खराब असतील तर मोठा झालेला आवाज अस्पष्टच राहतो. शिवाय आईच्या आवाजाबरोबर मिक्सर, पंखा आणि रस्त्यावरचा ट्रकही मोठा होतो. द्रुतगती मार्गाच्या कडेच्या गावात हे वेगळे सांगायला नको. म्हणून मशीन लागल्यावर मूल पहिल्या दिवशी हसण्याऐवजी रडले, तर मशीन वाईट आहे असे नव्हे. मेंदूला या आवाजांची सवय व्हायला महिने लागतात. पुस्तकात हे महिने एका पानात संपतात, मग प्रत्यक्षात तसे झाले नाही की पालक खचतात आणि मशीन डब्यात जाते.

तिसरी समजूत ओठ वाचण्याची. गोष्टीतला कर्णबधिर मुलगा समोरच्याचे ओठ बघून सगळे ओळखतो. आरशासमोर उभे राहून आवाज न काढता ‘बाबा’, ‘मामा’ आणि ‘पापा’ म्हणून पाहावे. तिन्हींत ओठांची हालचाल एकच. ‘भात’, ‘पाट’ आणि ‘माठ’ यांचेही जवळजवळ तसेच. ‘काका’ म्हणताना तर ओठ हलतच नाहीत. ओठ मदत करतात, पण अर्धे अधिक ओळखावे लागते ते प्रसंगावरून. दिवसभर असे अंदाज बांधणारे मूल संध्याकाळी चिडचिड करते, ते हट्टी असते म्हणून नव्हे, थकलेले असते म्हणून.

चौथी चूक चित्रकारांची. आपल्याकडच्या पुस्तकांत आणि तक्त्यांत कधी कधी एका हाताने काढायची इंग्रजी अक्षरांची खूण छापली जाते. ती अमेरिकी सांकेतिक भाषेतली. भारतीय सांकेतिक भाषेत ही अक्षरे दोन्ही हातांनी काढतात. शिवाय सांकेतिक भाषा म्हणजे हवेत काढलेली अक्षरे नव्हेत. तिला स्वतःचे शब्द आहेत, स्वतःचे व्याकरण आहे. भुवया, मान आणि चेहरा हे त्या व्याकरणाचे भाग आहेत. चेहरा कोरा ठेवून नुसते हात काढलेले चित्र म्हणजे स्वर गाळून छापलेली मराठी.

काही पुस्तकांनी हे बदलले

१९९८ साली आयझॅक मिलमन यांचे ‘मोझेस गोज टू अ कॉन्सर्ट’ हे इंग्रजी चित्रपुस्तक आले. कर्णबधिर मुलांचा वर्ग वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाला जातो. शिक्षक प्रत्येकाला फुगा देतात. मांडीवरच्या फुग्यातून मुलांना ढोलाची थरथर कळते. ढोल वाजवणारी बाईही कर्णबधिर असते आणि पायांना कंप जाणवावा म्हणून बूट काढून वाजवते. पुस्तकात दया नाही, चमत्कार नाही, कुणाचे कान बरे होत नाहीत. मुले मजा करून घरी जातात. ढोल-ताशा पथकाच्या जवळ उभे राहिल्यावर छातीत काय होते ते अनुभवलेल्या मराठी मुलाला हे पुस्तक समजावून सांगावे लागणार नाही.

मायरन उलबर्ग यांचे आईवडील कर्णबधिर होते आणि वडील न्यूयॉर्कच्या एका दैनिकाच्या छापखान्यात काम करत. ‘द प्रिंटर’ या २००३ सालच्या पुस्तकात उलबर्ग यांनी तशाच एका मुद्रकाची गोष्ट सांगितली. यंत्रांच्या प्रचंड आवाजात ऐकणारे कामगार एकमेकांचे ऐकू शकत नाहीत. कर्णबधिर कामगार मात्र हातांनी लांबून आरामात बोलतात. एके दिवशी आग लागते. ती या मुद्रकाला दिसते, तो हातांनी इशारा देतो आणि सगळे वाचतात. ज्या जागी आवाज निरुपयोगी ठरतो, त्या जागी हातांची भाषा उपयोगी पडते, हे मुलांना व्याख्यानाशिवाय कळते.

सेसी बेल यांचे ‘एल डेफो’ हे २०१४ साली आलेले चित्रमय आत्मकथन. वयाच्या चौथ्या वर्षी मेंदूज्वराने त्यांचे ऐकणे गेले. पुस्तकातली सगळी पात्रे ससे आहेत. लांबलचक कानांच्या सशाला ऐकू न येणे हाच मोठा विनोद. पण इथे हसू त्या मुलीसोबतचे आहे. तिच्या गळ्यात अडकवलेल्या यंत्राचा मायक्रोफोन शिक्षिकेकडे असतो. त्यामुळे बाई वर्गाबाहेर, अगदी स्वच्छतागृहात गेल्या तरी तिला ऐकू येते आणि वर्गात तिचा भाव वधारतो. या पुस्तकाला पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या न्यूबेरी पुरस्काराचा सन्मान मिळाला.

रेमंड अँट्रोबस हे स्वतः कर्णबधिर असलेले ब्रिटिश कवी. त्यांच्या ‘कॅन बेअर्स स्की?’ या २०२०च्या पुस्तकातल्या छोट्या अस्वलाला सगळे सारखे काहीतरी विचारतात. त्याला ते “अस्वले बर्फावर घसरतात का?” असे ऐकू येते. प्रत्यक्षात प्रश्न असतो, “तुला ऐकू येते का?” दोन्ही वाक्ये इंग्रजीत जवळची वाटतात. कानाची तपासणी होते, मशीन येते, जग एकदम फार गोंगाटाचे होते आणि बाबा अस्वल सोबत असतो. यंत्राचा साचा इथे मोडतो, कारण मशीन आल्यावर गोष्ट संपत नाही. चित्रे काढणाऱ्या पॉली डनबर यांनाही कमी ऐकू येते. या चारही पुस्तकांत एक समान दुवा आहे. ती बाहेरून पाहून लिहिलेली नाहीत.

मराठी पुस्तकाला काय दाखवता येईल?

मराठी चित्रपुस्तकांची परंपरा दुबळी नाही. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका-चित्रकर्तीने घरातल्या रोजच्या गोष्टींतून मुलांशी बोलण्याची सुंदर वाट घालून दिली. देशातली कर्णबधिरांची पहिली मानली जाणारी शाळाही १८८५च्या सुमारास मुंबईतच सुरू झाली. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३पासून याच विषयावर काम करते आहे. पण अंगणवाडीच्या किंवा वाचनालयाच्या फडताळात मशीन लावलेले मराठी मूल शोधायला गेले, तर हात बहुधा रिकामाच परततो.

अशा पुस्तकासाठी विषय मात्र घराघरांत आहेत. आईने कुशीत घेतले की मशीन बारीक शिट्टी वाजवते. हाक मारायची तर लांबून ओरडायचे नाही, खांद्याला हात लावायचा किंवा दिव्याचे बटण चालू-बंद करायचे. लाईट गेली की गप्पा बंद, कारण अंधारात ओठही दिसत नाहीत आणि हातही. मूल वाढते तसा कानातला साचा सैल होतो आणि नवा करून घ्यावा लागतो, पायातल्या चपलेसारखा. आजोबांचे आणि नातवाचे मशीन एकाच डब्यात राहते. लोणावळ्याच्या पावसात शेजारीपाजारी छत्र्या वाळवतात आणि या घरात मशीन. यांतल्या कुठल्याही गोष्टीत रडण्यासारखे काही नाही, पण आपल्यासारखे कुणीतरी आहे हे मुलाला कळण्याएवढे बरेच काही आहे.

नवे पुस्तक येईपर्यंत थांबायलाही नको. जुन्या पुस्तकातल्या एखाद्या मुलाच्या कानामागे पेनाने मशीन काढता येते. त्यात बारकावा हवा. श्रवणयंत्र कानामागे बसते आणि त्याची नळी कानात जाते; कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये कानामागच्या यंत्राला जोडलेली गोल चकती डोक्यावर चिकटलेली असते. ‘कानांनी ऐकतो’ या ओळीखाली ‘काही जण मशीन लावून ऐकतात, काही जण हातांनी बोलतात’ एवढे लिहायला अंगणवाडी सेविकेला सरकारी आदेश लागत नाही.

पुस्तक मुलासमोर कसे धरावे?

पुस्तकात कर्णबधिर मूल असो वा नसो, कर्णबधिर मुलाला चित्रपुस्तक वाचून दाखवणे हा भाषेचा उत्तम व्यायाम आहे. त्याची रीत थोडी वेगळी आहे. ऐकणारे मूल चित्र बघता बघता आईचा आवाज ऐकते. कर्णबधिर मुलाला या दोन गोष्टी एकाच वेळी करता येत नाहीत. ते चित्र पाहत असेल तर आईचे ओठ आणि हात त्याला दिसत नाहीत. म्हणून मांडीवर पाठमोरे बसवून वाचण्यापेक्षा समोर किंवा कोपऱ्यात बसवावे, पुस्तक हनुवटीच्या खाली धरावे आणि उजेड वाचणाऱ्याच्या तोंडावर असावा, पाठीमागे नको.

वॉशिंग्टनच्या गॅलोडेट विद्यापीठातले डेव्हिड श्लेपर यांनी कर्णबधिर आईवडील आपल्या मुलांना पुस्तके कशी वाचून दाखवतात, हे पाहून १९९०च्या दशकात १५ तत्त्वे मांडली. त्यांचा गाभा सोपा आहे. मूल चित्र पुरेसे पाहून मान वर करीपर्यंत थांबावे. मगच बोलावे किंवा खूण करावी. कधी खूण चित्रावरच करावी, म्हणजे नजर हलवावी लागत नाही. छापलेल्या मजकुराला चिकटून राहू नये, गोष्ट पसरावी, वाढवावी. मुलाने बोट ठेवलेल्या वस्तूवर बोलावे. तीच गोष्ट पन्नासाव्यांदा मागितली तरी पन्नासाव्यांदा सांगावी. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा आजी-आजोबांनाही हे जमते, कारण यात अक्षरांपेक्षा चेहऱ्याचे काम जास्त.

खुणा केल्या तर मूल बोलायचेच नाही, ही भीती अनेक घरांत असते. तिचे मूळ जुने आहे. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरातल्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. त्या ठरावाचे ओझे जगाने शंभर वर्षांहून अधिक काळ वाहिले. २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेत त्याबद्दल खेद व्यक्त झाला. खुणांमुळे बोलणे मागे पडते याला भक्कम पुरावा नाही. भाषाच न मिळाल्याने मात्र मूल मागे पडते. मशीन, वाचा-उपचार आणि खुणा एकत्र चालू शकतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १० हजार शब्दांचा कोश २०२१पासून उपलब्ध आहे आणि ‘साइन लर्न’ या मोफत मोबाइल अ‍ॅपवर तो पाहता येतो. गोष्टीतल्या दहा शब्दांच्या खुणा आधी शिकून घ्यायच्या आणि मग गोष्ट सांगायची, अशी सुरुवात कुठल्याही घरात होऊ शकते.

तपासणी आधी, गोष्ट सोबत

पुस्तक तपासणीची जागा घेत नाही. जन्मानंतर ‘ओएई’ ही चाळणी तपासणी काही मिनिटांत होते, बाळाला दुखत नाही. शंका आल्यास ‘बेरा’ ही तपासणी झोपलेल्या बाळावर करतात. घरात ताट आपटून पाहणे भरवशाचे नाही. बाळ थरथर जाणून किंवा सावली बघून वळू शकते. सहा महिन्यांचे बाळ आवाजाच्या दिशेने वळत नसेल, वर्षाचे मूल नावाला ओ देत नसेल, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल तर वाट पाहू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. शंका असलेल्या मुलाचे नाव त्या दिवशी आवर्जून सांगावे. कुसगावच्या पालकांना लोणावळ्याहून लोकलने पुणे गाठता येते आणि तिथे औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ससूनमध्ये पुढची वाट मिळते. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून पात्र मुलांना श्रवणयंत्रे मिळतात, लहान वयात निदान झाल्यास कॉक्लिअर इम्प्लांटसाठीही मदत मिळते. उशीर झाला तर ही संधी हातची जाते.

मावळच्या पावसाळ्यात दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, मशीन. दमट हवेने नळीत पाण्याचे थेंब साचतात आणि मशीन चालू असूनही आवाज पोहोचत नाही. रात्री बॅटरी काढून मशीन सिलिका जेलच्या पुड्या ठेवलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. चुलीजवळ किंवा हेअर ड्रायरने वाळवू नये. दुसरी, सर्दी. सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साचते आणि असलेले ऐकणेही काही दिवस कमी होते. कानात तेल किंवा रस घालू नये. कान वाहत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

मशीन लागल्यानंतरची संध्याकाळची दहा मिनिटे ही घरच्यांची. टीव्ही बंद, पंखा जमल्यास बंद, उजेड तोंडावर आणि मध्ये एक चित्रपुस्तक. मुलाने मान वर करीपर्यंत थांबण्याइतका धीर तेवढा हवा.